ठिपके फिरायचे थांबले तेव्हा

दादा, तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला पत्र लिहावं असं कधी मनात आलं नाही, आणि आज का आलं ते मलाही धड सांगता येत नाही. गुरुवारी ऑफिसात माझा लॅपटॉप अडकला. एवढंच झालं. मी नोकरीला लागले तेव्हा आमच्या विभागात एकच कम्प्युटर होता, त्याच्यावर भरतकाम केलेलं कापड टाकलेलं असायचं आणि त्याला हात लावायला साहेबांची परवानगी लागायची. आता प्रत्येकाच्या टेबलावर एकेक आहे, वहीसारखा उघडतो, वहीसारखा मिटतो. माझा गुरुवारी सकाळी उघडला पण सुरू झाला नाही. म्हणजे दिवा लागला, पंखा घरघरला, पडद्यावर कंपनीचं चिन्ह आलं, त्याच्याखाली पांढरे ठिपके गोल गोल फिरायला लागले आणि फिरता फिरता मध्येच थांबले. मी वाट पाहिली. चहा आला, चहा पिऊन झाला, ठिपके तिथंच. बंद करून पुन्हा सुरू केला. पुन्हा चिन्ह, पुन्हा ठिपके, पुन्हा तिथंच थांबले. मेला असता तर निदान मेला म्हणून कळलं असतं. हा जिवंत होता आणि हलत नव्हता.

मी अजून ज्वारीवरच काम करते. तुम्ही लोकांना सांगायचात, "आमची पोरगी इद्यापीठात ज्वारी मोजती," आणि मला त्याचा राग यायचा. पण खरं सांगायचं तर काम तेच आहे. कणसाची लांबी, कणसातले दाणे, हजार दाण्यांचं वजन, कडब्याची उंची. तीन रब्बी हंगाम आम्ही एकाच चाचणीवर आहोत. काही वाफे इथं परभणीत, काही सोनपेठकडं शेतकऱ्यांच्या रानात. पहिल्या दोन हंगामांच्या वह्या कपाटात आहेत. या वर्षी मात्र मी शहाणपणा केला, वही नको म्हणाले, शेताच्या बांधावर बसूनच आकडे थेट लॅपटॉपमध्ये भरले. सोनपेठकडची एक बाई, जी कणसं मोजून देते आणि एक दाणा इकडचा तिकडं होऊ देत नाही, तिनं एकदा मला विचारलं होतं, "मॅडम, आमी सांगतो त्ये आकडे ह्येच्यात कुठं जात्यात?" मी म्हणाले, "आत जाऊन बसतात, मावशी." ती म्हणाली, "आन् भाईर आलेच न्हाईत तर?" आम्ही दोघी हसलो होतो.

आमचे सर या महिन्याच्या अखेरीला निवृत्त होतायत. ज्वारीचा कोणता वाण पुढं न्यायचा हे त्यांना शनिवारच्या बैठकीत मांडायचं होतं. या हंगामाचे आकडे गेले असते तर पुन्हा पेरणी, पुन्हा काढणी, म्हणजे पुढचं वर्ष, आणि पुढच्या वर्षी सर नसणार. पंधरा दिवसांपूर्वी त्यांनी मला विचारलं होतं, "मॅडम, सगळ्याची दुसरीकडं कॉपी ठेवलीय ना?" आणि मी म्हणाले होते, "हो सर." दादा, ठेवली नव्हती. उद्या ठेवू म्हणून मी हो म्हणाले, आणि तो उद्या रोज पुढं सरकत राहिला.

त्या थांबलेल्या ठिपक्यांकडं पाहताना मला तुमची आठवण आली, असं लिहिलं तर ते खोटं होईल. आठवण नंतर आली. आधी नुसता घाम आला. शेजारच्या टेबलावरचे म्हणाले, चार्जर काढा. चार्जर काढला तर तो बंदच पडला, कारण त्याची बॅटरी काढणी संपल्यापासून गेलेली आहे. दुसरे म्हणाले, दहा मिनिटं थंड होऊ द्या. शिपाई म्हणाला, उलटा करून थापटा, त्याच्या टीव्हीला ते लागू पडतं. मी सगळं केलं, थापटलासुद्धा. शेवटी संगणक विभागातली एक मुलगी आली. मुलगी म्हणतेय, पण तिची स्वतःची लेक शाळेत जाते. तिनं मशीनला हातसुद्धा लावला नाही. खुर्ची ओढून बसली आणि मला विचारलं, "मॅडम, काल शेवटी काय केलं होतं?"

"काहीच नाही," मी म्हणाले. "रोजच्यासारखा बंद केला."

तिनं माझ्याकडं पाहिलं, आणि तिथं मला ते गाव आठवलं. पोखर्णीच्या रस्त्यावरचं. मी दहा-अकरा वर्षांची असेन. तुम्ही टेलिफोन खात्यात लाइनमन, आणि शाळेला सुट्टी होती म्हणून तुम्ही मला सायकलच्या दांडीवर बसवून नेलं होतं. मागच्या कॅरिअरला दोर, पकड, आणि तो कानाला लावायचा तपासणीचा फोन. गावच्या पोस्टातला टेलिफोन तीन दिवस मुका होता, आणि पोस्ट म्हणजे पोस्टमास्तरांच्या घराची पुढची खोली. रस्त्यानं तुम्ही मध्ये बरेच खांब सोडून एकेका खांबाशी सायकल उभी करताय, वर चढताय, तारेला फोन जोडून ऐकताय, खाली उतरताय. मी विचारते, "दादा, सगळे खांब का नाही बघत?" तुम्ही म्हणता, "मधला बघायचा. मधल्यापतुर आवाज आला, तर अलीकडचं समदं चांगलं. मग पलीकडचा मधला." शेवटच्या खांबावर आवाज खणखणीत होता. म्हणजे बिघाड घरात. दारात गाव जमलेलं, म्हातारे पोस्टमास्तर हात जोडून सांगतायत, "कुणी हात न्हाई लावला हो, देवाशपथ." तुम्ही कपाट सरकवलं. मागं तार मध्येच तुटलेली, पुन्हा पिळलेली, आणि वरून धोतराच्या चिंधीनं बांधलेली. फोन एका कोनाड्यातून दुसऱ्या कोनाड्यात हलवताना केलेला उद्योग. मी मोठ्यानं ओरडले, "दादा, ही तर कुणीतरी जोडलीय!" दारातली माणसं पोस्टमास्तरांकडं वळली. आणि तुम्ही चिंधी खिशात घालत म्हणालात, "उंदरानं कुरतडली. ह्या दिवसांत लय उंदरं हायेत."

परतताना तुम्ही एका बाभळीखाली सायकल थांबवून मला खाली उतरवलंत. मला वाटलं, शाबासकी मिळणार. तुम्ही म्हणालात, "सरकारी तारेला हात लावला म्हणून त्या माणसाची नौकरी गेली आस्ती. समद्या गावाम्होरं कशाला बोललीस?" मी म्हणाले, "पण खरं होतं ना." तुम्ही मला पुन्हा दांडीवर बसवलंत. त्याच वर्षी मी शाळेतली खडूची पेटी फोडली आणि नाही म्हणाले, तेव्हा तुम्ही मला दिवसभर जेवायला बोलावलं नव्हतं, आईला म्हणाला होतात, "खोटं बोलणाऱ्याच्या ताटाला ताट लावू नको." मला तेव्हाही कळलं नव्हतं आणि अजूनही कळत नाही, की यातलं कुठलं धरायचं. मी पन्नाशी ओलांडली, दादा. दोन्ही गोष्टी माझ्या डोक्यात शेजारी शेजारी आहेत आणि एकमेकींशी बोलत नाहीत.

तर मी त्या मुलीला खरं सांगितलं. हळू आवाजात. आदल्या दिवशी निघताना पडद्यावर अपडेट चालू आहे, मशीन बंद करू नका, असं लिहून आलं होतं. टक्के वाढता वाढत नव्हते, बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. मी बटण दाबून धरलं आणि बंद केला. ती "बरं" म्हणाली. रागावली नाही, हसलीही नाही. माउस काढला, प्रिंटरची वायर काढली, मागं लावलेला एक पेनड्राइव्ह काढला. सुरू केला, ठिपके थांबले. मग तिनं स्वतःचा पेनड्राइव्ह लावला, त्याच्यात आख्खी वेगळी सिस्टीम भरलेली होती म्हणे, आणि लॅपटॉप त्याच्यावरून सुरू केला. दुसऱ्याच रंगाचा पडदा उघडला. "म्हणजे मशीन चांगलंय, मॅडम. पडदा, मेमरी, सगळं चांगलंय. आतली सिस्टीमच अडकलीय." मी म्हणाले, "म्हणजे पलीकडं बघायचं." ती म्हणाली, "काय?" मी म्हणाले, "काही नाही."

मी तिला म्हणाले, सिस्टीम दुरुस्त कर. ती म्हणाली, "आधी तुमचं सामान बाहेर काढू. घराला आग लागल्यावर आधी भिंत रंगवत नाहीत." तिनं डिस्क उघडली. फोल्डर एकेक दिसायला लागले. लग्नाचे फोटो, भाच्याचा बायोडेटा, आणि मग ज्वारी. सोनपेठ, वाफा पहिला. मी खुर्चीची कड धरून बसले होते. आकडे दुसऱ्या डिस्कवर जाताना एक हिरवी पट्टी सरकते, ती मध्ये एकदा थांबली, तेव्हा मी काय पुटपुटले ते मला आठवत नाही; ती म्हणाली, "मॅडम, श्वास घ्या." पट्टी पुढं गेली. आकडे बाहेर आले. एकूण एक.

मग दुरुस्ती. आपोआप दुरुस्तीचा पर्याय दाबला, अर्धा तास गेला, जमलं नाही म्हणाला. शेवटचं अपडेट काढून टाकायचं म्हटलं, तेही जमलं नाही म्हणाला. तिनं काळ्या पडद्यावर काहीतरी टाइप केलं, तो पुन्हा काहीतरी तपासत बसला. जेवणाची सुट्टी झाली. आम्ही डबे उघडले. तिची चटणी-भाकर, माझी मेथी. आणि जेवता जेवता तो आपणहून बंद झाला, आपणहून सुरू झाला, ठिपके फिरले, थांबले, आम्ही दोघी घास हातात धरून बघतोय, आणि पुन्हा फिरले. आणि माझा नेहमीचा पडदा उघडला. मी विचारलं, "कशानं झालं?" ती म्हणाली, "खरं सांगू? माहीत नाही." मला ते फार विचित्र वाटलं. तुम्हाला बिघाड कुठं आहे ते बोटानं दाखवता यायचं. तार इथं तुटली, इथं जोडली, आवाज आला. हा बिघडला माझ्यामुळं, हे कदाचित खरं. पण चांगला कशानं झाला ते कुणालाच ठाऊक नाही.

तेवढ्यात सर आले. "काय झालं होतं म्हणे?" मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "काल अपडेट चालू असताना लाइट गेली असणार, सर. बॅटरी गेलेली आहे ना त्याची. मॅडमची कॉपी होती म्हणून बरं." सर म्हणाले, "वा," आणि गेले. ती डबा धुवायला उठली. मी तिला थांबवून म्हणाले, "असं का सांगितलंस?" ती म्हणाली, "जाऊ द्या ना मॅडम, कॉपी आता आहे की." तिचे आभार मानावेत की काय करावं मला समजेना. मला बरं वाटलं आणि त्याच वेळी कुणीतरी माझ्या हातातून काहीतरी काढून घेतल्यासारखंही वाटलं. त्या पोस्टमास्तरांना तसंच वाटलं असेल का? निघताना त्यांनी तुमच्या पिशवीत शेंगा भरल्या होत्या, पण तुमच्याकडं पाहिलं नव्हतं.

चार वाजता मी सरांच्या खोलीत गेले. म्हणाले, "सर, सकाळपर्यंत कॉपी नव्हती. मी खोटं बोलले होते." ते कागद बघत होते. त्यांनी विचारलं, "आता आहे?" मी म्हणाले, "आहे." "मग ठीक. जाताना पंखा जरा कमी करा." मी पंखा कमी केला. त्यांना आधीपासून माहीत होतं, की त्यांना फरकच पडला नाही, की राग आला आणि महिना काढायचा म्हणून ते गप्प राहिले? आणि बटणाचं मी सांगितलंच नाही. ते सांगितलं असतं तर ती पोरगी खोटी पडली असती. शनिवारची बैठक नीट झाली. वाण पुढं गेला. सरांनी सगळ्यांसमोर माझं काम चोख आहे म्हणून सांगितलं, आणि मी मान खाली घातली, तर लोकांना तो विनय वाटला.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणूनच एवढं लिहिता आलं. घडी घालून ज्वारीच्या जुन्या वहीत ठेवीन. पण लिहायला बसले ती लॅपटॉपसाठी नाही, हे आता कळतंय. तुमच्या शेवटच्या महिन्यांत खाटेजवळ घरचा टेलिफोन होता. कुणाचा फोन यायचा नाही. तुम्ही सकाळी उठून रिसीव्हर उचलायचात, नुसता टोन ऐकायचात आणि ठेवायचात. एके दिवशी उचललात आणि माझ्याकडं पाहून म्हणालात, "आवाज न्हाई." मी म्हणाले, "लाइनला फॉल्ट आहे दादा, कळवलंय, येतील." तुम्ही म्हणालात, "येतील सावकाश. त्यांच्याम्हागं लय काम आस्तंय." आणि पुन्हा कधी रिसीव्हर उचलला नाहीत, कधी विचारलंही नाहीत. तुम्हाला कळलं होतं का, हे मी सोळा वर्षं ठरवू शकलेले नाही. फॉल्ट नव्हता, दादा. घरात सगळ्यांकडं मोबाइल आले होते, आणि चार दिवसांत तुम्ही विसरून जाल असं समजून ते कनेक्शन मीच अर्ज देऊन बंद केलं होतं.