नऊ नंबरचं कार्ड

रविवार, ६ जुलै

एकवीस कार्डं जमली! खर्ड्याला मालनबाईंच्या ओट्यावर दुपारभर बसलो होतो. कल्पना वाल्मिकची. टेम्पो चालवता चालवता त्याला नाही नाही ते सुचतं. कृपादानला तुरुंगात पुस्तक देत नाहीत, जाड पाकीट अडवतात, पण उघडं पोस्टकार्ड जातं. म्हणून एक कविता, एकवीस माणसं, प्रत्येकाची एक ओळ. खाली नाव-पत्ता घालून आपापल्या गावच्या पेटीत टाकायची.

कृपादान माझा धाकटा भाऊ. एकोणीस महिने आत आहे. गुन्हा काय, तर ऊसतोड कामगारांच्या सभा घेतल्या. खटला अजून उभाच राहिलेला नाही.

मालनबाई स्वतः ऊस तोडतात. लिहिता येत नाही, म्हणून त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं: ‘मुकादमापुढं आता मी उभं ऱ्हाऊन बोलती, लेकरा.’ माझ्यातल्या शाळेच्या बाईंचा हात शुद्धलेखनासाठी शिवशिवला, पण आवरला.

कार्डं मागंपुढं पोचणार, म्हणून कोपऱ्यात लाल पेनानं नंबर घातले. वह्या तपासायची सवय! नऊ माझा. म्हटलं, घरी जाऊन निवांत लिहीन.

मंगळवार, ८ जुलै

नऊ लिहिलं नाही.

शुक्रवार, ११ जुलै

आज परत बसले. ओळ सुचते, पण खाली नाव लिहायला पेन वळत नाही. जिल्हा परिषदेची शिक्षिका मी. हेडमास्तर मागेच म्हणाले होते, भाऊ म्हणून भेटा, बाकी भानगडीत पडू नका मॅडम. घरात पगार माझा एकटीचा.

कार्ड बायबलमध्ये ठेवून दिलं. वाल्मिकचा फोन आला. त्याला सांगितलं, टाकलं की!

गुरुवार, १७ जुलै

शाळेत साध्या वेशातले दोन पोलीस आले. ऑफिसात टेबलावर झेरॉक्स मांडल्या. वीस. मूळ कार्डं कृपादानला दिली म्हणाले, पण नंबर त्यांच्या डोळ्यांत भरलेत. मोठे साहेब बोट फिरवत गेले.

“आठ हाय, दहा हाय. मधलं नऊ कुठंय?”

पोस्टात गहाळ झालं असेल, म्हणाले मी. त्यांनी ते लिहून घेतलं. जीभ झडली असती तर बरं!

शनिवार, १९ जुलै

वकील पंकजाताईंचा फोन. चोवीसला जामिनाची सुनावणी. सरकारी वकील म्हणणार की नंबर म्हणजे खुणा, आणि नऊ नंबरातून गुप्त निरोप गेला. ते कार्ड गेलंच नाही असं कुणीतरी शपथेवर सांगायला हवं, नाहीतर जामीन अवघड आहे. कुणाचं होतं ते, दया? मी म्हटलं, बघते.

बघते! एवढंच सुचलं.

रविवार, २० जुलै

खर्ड्याला गेले. पंकजाताईंचा फोन तिथंही गेलेला, आणि मालनबाईंनी परस्पर ठरवून टाकलेलं. “नऊ माझं हुतं म्हनून सांगती. मला काय सरकारी नोकरी हाय व्हय, जायला?”

त्यांचं कार्ड पंधरा. मीच लिहिलेलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, चहा ओतत राहिल्या. त्यांना ठाऊक आहे.

सोमवार, २१ जुलै

प्रतिज्ञापत्र केलं. ‘नऊ क्रमांकाचे कार्ड माझे. नोकरी जाईल या भीतीने मी त्यावर काहीही लिहिले नाही व ते टाकलेही नाही.’ सोबत ते कार्ड जोडलं. कोपऱ्यात लाल नऊ, बाकी कोरं. ‘भीतीने’ हा शब्द ठेवायचा का, पंकजाताईंनी विचारलं. म्हटलं, ठेवा. तेवढा एकच खरा आहे.

गुरुवार, २४ जुलै

कृपादान कोर्टातल्या पडद्यावर दिसला. तुरुंगातूनच. गाल बसलेत.

माझं प्रतिज्ञापत्र मोठ्यानं वाचलं. मागच्या बाकांवर सगळे होते, मी कार्ड टाकलं असं धरून चाललेले ते सगळे! वाल्मिक खिडकीबाहेर बघत होता. मालनबाईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि उचललाच नाही. पडद्यावर कृपादाननं मान खाली घातली. मग चित्र अडकलं, ते तसंच राहिलं. निकाल तीसला.

सोमवार, २८ जुलै

कारणे दाखवा नोटीस. सात दिवसांत खुलासा. हरकत नाही. खुलासे लिहायला जमतंय आता.

मंगळवार, २९ जुलै

कृपादानचं पत्र आलं.

‘ताई, वीस नावं मोजली, तुझंच नव्हतं. नऊ तू आमच्यासाठी मोकळं सोडलंस, लगेच ओळखलं! रोज संध्याकाळी बराकीत कविता म्हणतो. नऊ आलं की एकेक जण आपली ओळ घालतो. काल एका पाकीटमारानं घातली. हे तुलाच सुचू शकतं.’

वर तारीख १८ जुलै. चोवीसला त्यानं मान का खाली घातली, ते आज कळलं.