घड्याळाला दात नसतात

बाबा, परवा अर्जाची शेवटची तारीख आहे आणि तो भरायचा सोडून मी तुम्हाला लिहीत बसले आहे. अर्ज एमबीएचा. तुम्ही असतात तर आधी विचारलं असतंत, "मंग आता जे करून राहिली ते काय हाय?" तर सांगते. चिखल्याच्या खाणीतून मँगनीज वाहणाऱ्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत मी आहे. कोणता ट्रक कधी भरायचा, कधी काट्यावर वजनाला न्यायचा, कधी सोडायचा, हे माझं काम. अडीच वर्षं झाली. तुम्हाला जाऊन नऊ झाली, त्यामुळे माझी इंजिनिअरिंगची डिग्री तुम्ही पाहिली नाहीत. मधली दोन वर्षं सरकारी नोकरीच्या परीक्षांत गेली, ती मात्र पाहिली नाहीत तेच बरं.

या वर्षी प्रवेशपरीक्षेत मला चांगले गुण पडले आणि जो तो शहाणा झाला. कॉलेजची मैत्रीण पुण्याहून फोनवर सांगते की नोकरीला दोन-अडीच वर्षं झाली की जायचं, सगळे तसंच करतात. आमचे साहेब शिफारसपत्र द्यायला तयार आहेत. आईचं गणित वेगळंच. "काहून थांबून राहिली? वय का थांबून राहते? शिक्षन झालं का लग्नाचं पाहाले मोकळे." मी थांबले तर हे गुण वाया जातात, पुढच्या वर्षी परीक्षा पुन्हा पहिल्यापासून. साहेबांचा उत्साह तोवर टिकेल की नाही, देव जाणे. एवढं सगळं माहीत असून अर्जातला एकच रकाना मी आठ दिवस कोरा ठेवला आहे. त्यांनी विचारलंय, आत्ताच का?

हा प्रश्न वाचला आणि मला तुमसरच्या राइस मिलचं ते सिमेंटचं पटांगण आठवलं. उकडलेलं धान वाफा टाकत वाळायला पसरलेलं, आणि तुम्ही अनवाणी त्यातून पाय ओढत चालताय, मागे सरळ चाकोऱ्या उमटताहेत. मधेच थांबता, चिमूटभर दाणे उचलता, एक सोलून दाढेखाली धरता. दबला तर ओला, भुगा झाला तर जास्त वाळला, कट्कन तुटला तर भरा पोती आणि न्या मशीनवर. ओला भरडला की चपटा होऊन मशीनमध्ये अडकतो, जास्त वाळला की नुसती कणी. सगळी मिल तुमच्या त्या एका दाढेवर चालायची. शेठच्या मुलानं एकदा कागदावर मांडून आणलं होतं की कडक ऊन असलं की एवढे तास, ढग असले की तेवढे. तुम्ही कागद नीट पाहिलात, दुमडून त्याच्या हातात परत दिलात आणि म्हणालात, "घडीले दात हायेत काय, भाऊ?" पटांगणातल्या बाया दिवसभर हसत होत्या.

त्याच दाढेनं एके दिवशी दगा दिला. माझी बारावीची परीक्षा नुकतीच संपली होती. मी मैत्रिणीच्या स्कुटीवर तुमचा डबा घेऊन आले, ती फाटकापाशी थांबली. तुमचा गाल टम्म फुगलेला, लवंग धरून बसला होतात. म्हणालात, "माय, आज तू चाव. तुले येते." मला येत होतंच, तुम्हीच आदल्या उन्हाळ्यात शिकवलं होतं. मी पटांगणात गेले, परत आले. "चावला काय?" "हो." "झाला?" "झाला, बाबा." पोती भरली, धान मशीनवर गेलं आणि तासाभरात मशीन चोंदली. शेठ ओरडत आले तेव्हा मी तुमच्या मागे उभी होते. तुम्ही गालावर हात ठेवून म्हणालात, "माही दाढ ठनकून राहिली, शेठ. माहाच अंदाज चुकला." त्यांनी तुम्हाला सगळ्यांदेखत नाही नाही ते ऐकवलं. संध्याकाळी घरी मला वाटलं, आता माझी पाळी. तुम्ही एवढंच म्हणालात, "चावून चुकलं त चालते. चार खेपा चुकशीन, मंग दातालेच समजते."

म्हणून या आठवड्यात मी तो रकाना दाढेखाली धरून पाहिला. लिहिण्यासारखं माझ्याकडे एकच आहे. ट्रकवर ताडपत्री काट्याच्या तोंडाशीच बांधायचे, मागचे ट्रक अडकून पडायचे. दिवाळीनंतर मी बांधायची जागा काट्यापलीकडच्या मोकळ्या मैदानात हलवली आणि रांग मोडली. साहेब खूश. एक म्हातारा ड्रायव्हर तेवढा म्हणाला, "म्याडम, पावसात सांगजा मले. या मातीत चाक बसलं त निघत नाही." मला राग आला, कारण तो बरोबर असू शकतो. मैदानावर एकही पाऊस पडलेला नाही आणि मी अर्जात यशाची गोष्ट लिहायला निघाले होते. पहिलं वाक्य झकास जमलं, दुसऱ्याला दाणा दबला. भीती असती तर कळलं असतं, भ्यायले की माझं जेवण सुटतं. मला तर आज चक्क भूक लागली आहे. हा पावसाळा काढते, मैदान टिकतं की मी तोंडावर आपटते ते पाहते, परीक्षा पुन्हा देते आणि मग लिहिते. आईला सकाळी सांगितलं. दुपारी तिनं मला भात वाढला.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. त्या दिवशी मी दाणा चावलाच नव्हता, बाबा. फाटकापाशी मैत्रीण बघत होती, मिलमधलं धान तोंडात घालायची मला लाज वाटली. मी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, आदल्या दिवशी याच वेळेला झालं होतं, आणि 'झाला' म्हणून मोकळी झाले. तुम्ही शिव्या खाल्ल्यात त्या माझ्या चुकलेल्या अंदाजासाठी नव्हेच. या खेपेला मात्र मी चावून सांगते आहे, अजून ओला आहे.