व्याख्येत न बसणारा दादा

प्रिय मावशी,

तुला इथूनच वाकून नमस्कार. गुडघे काय म्हणतात? (माझे ठणठणीत आहेत, दिवसभर खुर्चीत बसणारीच्या गुडघ्यांना काय धाड भरलीये!) दादा, म्हणजे तुझा चिरंजीव, 'जरा सुट्टी' म्हणून तुझ्याकडे येऊन राहिलाय आणि काही विचारलं की भिंतीकडे बघतो, असं तू फोनवर म्हणालीस. तो तोंड उघडायचा नाही, म्हणून मीच सांगते.

दादा आणि मी एकाच ऑफिसात, पण आमचं काम तुला अजून नीट कळलेलं नाही, त्यात तुझा दोष नाही. लोक मोबाइलवरून एकमेकांना छळतात, त्यावर जगभरचे विद्वान शोधनिबंध लिहितात, आणि ते विद्वान हल्ली कशावर लिहितायत यावर आम्ही लिहितो. (हसू नकोस. याला पगार आहे.) दादा प्रत्येक निबंधाचा एक ठिपका करतो, एकमेकांचा आधार घेणारे ठिपके जवळ ठेवतो, आणि भिंतीवर टांगलेल्या कापडी पडद्यावर नकाशा उमटतो. सुरुवातीला 'किती जणांना छळलं' हे मोजणाऱ्यांचा निळा पुंजका. मग 'का छळलं'चा हिरवा. अलीकडे 'बघणारे गप्प का बसले' आणि 'मशीनला शिवी ओळखता येईल का' हे दोन फुगत चाललेत. दुपारी वाऱ्याने पडदा हलला की सगळे ठिपके तळ्यावरच्या पानांसारखे संथ सरकतात, आणि मी चहा गार होईपर्यंत त्यांच्यात तरंगत असते. कुणाचं तरी रडू लांबून इतकं सुंदर दिसावं, याचं वाईटही वाटतं.

तर दादाने हा नकाशा ऑफिसच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'मधे रिकामं आहे. ज्याला छळलं तो बहुतेक तिथे बसलाय. त्याला कुणी काही विचारलेलं नाही.' झालं! कुणी 'कविराज' म्हणालं, कुणी त्याच्या फोटोला गुलाबांची चौकट लावली, आणि हसऱ्या चेहऱ्यांची तर रांगच लागली. मी रजेवर होते. परत आले तर दादा मान खाली घालून ठिपके लावत होता आणि त्याचे कान लाल झाले होते.

मी बाईंकडे (आमच्या विभागप्रमुख) तक्रार केली. बाईंनी लगेच मीटिंग बोलावली, छळ झाला की नाही हे शास्त्रशुद्ध ठरवायला. व्याख्येप्रमाणे छळ मुद्दाम हवा, वारंवार हवा आणि ताकदवानाने दुबळ्याचा केलेला हवा. मुद्दाम? छे, गंमत होती. वारंवार? प्रत्येक जण एकेकदाच हसला होता. ताकद? पहिला हसरा चेहरा खुद्द बाईंचा, तेव्हा तो मुद्दा 'मोजायला अवघड' म्हणून सोडून दिला. माझा विरोध सोडला तर सगळ्यांचं ठरलं की हे व्याख्येत बसत नाही, आणि सगळ्यांना हायसं वाटलं. इतिवृत्त नेहमीप्रमाणे दादानेच लिहिलं, वाचून दाखवलं, आणि सुबक लिहिल्याबद्दल त्याचं कौतुकही झालं. दुसऱ्या दिवसापासून तो आलाच नाही. आता बाईंना या प्रकारावरच निबंध लिहायचाय, पण नकाशा कोण करणार म्हणून घोडं अडलंय.

तू काळजी करू नकोस. त्याला खाऊपिऊ घाल, कामाचं नाव काढू नकोस.

तुझी लाडकी (बाकी कोण आहे?) भाची

ता. क. : हे पत्र दादाला मुळीच दाखवू नकोस.

आणखी एक ता. क. : माझं अक्षर तुला उभ्या जन्मात लागलेलं नाही, तेव्हा हे तोच तुला मोठ्याने वाचून दाखवत असणार. दादा, यापुढचं मनातल्या मनात वाच. त्या मीटिंगपासून माझ्याशीही कुणी बोलत नाही. मी आले की हसणं थांबतं. डबा एकटीच खाते. तू ठिपके लावू नकोस, कुणाशी भांडू नकोस, नुसता समोर येऊन बस. सोमवारी ये रे, फार एकटं वाटतं. आता मान वर कर आणि मावशीला सांग, 'पुढे काही नाही, नमस्कार लिहिलाय.'