अशोकच्या माफीचा अर्ज

लालबाग, रविवार, १९५६

आठ दिवस वहीला हात लावला नाही, चुकलो. लिहायला तोंडच नव्हतं.

कायद्याच्या कॉलेजातली मुलं दर रविवारी त्यांच्या प्राध्यापकांबरोबर आमच्या चाळीत येतात. जिन्याखाली टेबल मांडून लोकांना त्यांचे हक्क सांगतात, अर्ज लिहून देतात. आज ती आली तेव्हा मी दार लावून घेतलं.

माझा अशोक संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात पकडला गेला. त्याला दमा. तुरुंगातल्या गार फरशीवर त्याचं कसं होईल, या धास्तीने गेल्या रविवारी मी कॉलेजच्या त्या मुलांतल्या एका मुलीकडून माफीचा अर्ज लिहून घेतला. ‘पुन्हा असे करणार नाही.’ मी चौथी शिकलेला, मला एवढंच सुचलं. तिने पेन थांबवून विचारलं, “आजोबा, मुलाला विचारलंत ना?” मी हो म्हटलं. विचारलं नव्हतं. का खोटं बोललो?

तुरुंगात तो अर्ज त्याला सगळ्यांसमोर वाचून दाखवला. पुन्हा असे करणार नाही. त्याने सही केली नाही. परवा भेटीला गेलो तर म्हणाला, “बाबा, ती मुलं आपले हक्क सांगायला येतात. तुम्ही त्यांच्याकडून माझी माफी लिहून घेतलीत?” मग हळूच म्हणाला, “आता भेटीला येऊ नका.”

बोलताना त्याला धाप लागत होती. मी विचारलंसुद्धा नाही.

आज त्या मुलीने दार वाजवलं. “आजोबा, सुटला का हो अशोक?” मी आतूनच म्हटलं, “सुटेल.”

अशोक, मी येत नाही. पण रात्री झोप लागते का, एवढं तरी कुणाकडून लवकर कळव.