चार शब्द माझे

१२ फेब्रुवारी

सहावी बैठक. हाती काही नाही.

सव्वातीन तास चाललं. टोमास, म्हणजे एका परदेशी रेडिओचा संचालक, युरोपातून इंग्रजीत बोलतो. ज्या देशाने तो रेडिओ बंद केला, तिथल्या माहिती खात्याचे उपमंत्री त्यांच्या भाषेत. आणि मधे दुभाषी मी, इथे शिंदे की छावनीत, घरातल्या मागच्या खोलीत, कानाला हेडफोन, समोर स्क्रीनवर दोघं. वकिलातीच्या नोकरीत अकरा वर्षं तिथे काढली, भाषा अंगात मुरली, ती रिटायर झाल्यावर कामाला येते आहे. मी दोन्ही बाजूंना चालते. कारण मी कोणाचीच नाही.

मागणी एवढीच – गेल्या वर्षी बंद केलेलं एफएम परत द्या. तिथे पेपर सरकारचे, टीव्ही सरकारचा. बाहेरचा आवाज हा एकच होता. उपमंत्री म्हणतात, गाणी चालतील, हवामान चालेल. बातम्या नकोत. टोमास म्हणतो, निदान दहा मिनिटं. ते म्हणतात, विचार करू. हे 'विचार करू' मी आज नऊ वेळा इंग्रजीत सांगितलं.

माझी बहीण उषाताई दारातून – "मधु, जेवून घे ना. ती माणसं काही पळून नाही जात."

खरंय. कुठेच जात नाहीत.

१६ फेब्रुवारी

लाइट गेली. इन्व्हर्टरवर बैठक. ट्रान्समीटरची उंची – बस, एवढंच. डोकं दुखतंय.

१९ फेब्रुवारी

टोमासने नवा मसुदा पाठवला. आधी चौथं कलम गुलनारच्या सुटकेचं होतं. आता नाही.

गुलनार त्यांची तिथली बातमीदार, बातम्याही तीच वाचायची. स्टेशनला टाळं लागलं त्याच दिवशी तिला घरातून नेलं. आरोप काय, कुठे ठेवली, कोणी सांगत नाही. मी तिला कधी भेटले नाही. पण भाषा गंजू नये म्हणून रोज दुपारी नेटवर तिच्या बातम्या ऐकायचे, सहा वर्षं. तिला सर्दी झाली की मला कळायचं.

मधल्या सुट्टीत टोमासला विचारलं. "आधी एफएम मिळू दे," म्हणाला. "तिचं नाव काढलं की ते उठून जातात." खोटं नाही बोलत तो. दोनदा उठून गेलेत. त्याचाही चेहरा उतरलेला होता.

ताईला सांगितलं. ती भाजी निवडत होती.

"मग तू विचार त्यांना."

"मला नाही विचारता येत, ताई. दुसऱ्याचं बोलणं पोचवायचं, तेवढंच माझं काम."

"अजीब काम आहे," म्हणाली, आणि पालक धुवायला गेली.

२६ फेब्रुवारी

लिहून ठेवते. उद्या वाटेल, झालंच नाही.

मसुद्याचं शेवटचं वाचन होतं. रोज दोन तास, गाणी आणि हवामान. बातम्या नाहीत. टोमासने सगळं कबूल केलं. बाहेर कोणाची तरी वरात निघाली होती, बँड वाजत होता, मी खिडकी लावून घेतली. टोमास म्हणाला, "आमच्याकडून आणखी काही नाही. आभार."

मी ते सांगितलं नाही. त्याऐवजी विचारलं – "आणि गुलनार कधी सुटणार?"

चार शब्द. बत्तीस वर्षं हे काम केलं, पदरचा एक शब्द घातला नव्हता.

वाटलं, आता उठतील. उपमंत्र्यांनी चष्मा काढला. पुसला. परत घातला. मग शेजारच्या कारकुनाला म्हणाले, "मंगळवारी. लिहून घ्या."

टोमास – "काय म्हणाले?"

"गुलनार मंगळवारी सुटेल, असं म्हणाले."

त्याने पेन खाली ठेवलं. मग हळूच, "त्यांचे आभार मान."

बैठक संपल्यावर त्याचा फोन आला.

"मी हे विचारलं नव्हतं."

"नाही."

"आता तुला परत बोलावता येणार नाही, मधु."

"माहीत आहे."

हेडफोन कपाटात ठेवून दिला.

३ मार्च

सुटली. गुलनारच्या भावाने टोमासला तिचा फोटो पाठवला. ओळखू येत नाही एवढी वाळली आहे. पण घरच्या दारात उभी आहे. टोमासने तो मला पाठवला, सोबत एक अक्षर नाही.

ताईने शिरा केला. चौकात होळी रचताहेत. मी खाल्लं आणि तीन तास झोपले.

९ मार्च

काम नाही. मुरारला जाऊन चष्म्याचा नंबर तपासून आले. वाढला आहे.

११ मार्च

टोमासचा मेल. उपमंत्र्यांना पदावरून काढलं, परवा अटकही झाली. सरकारी निवेदनात कारण दिलंय – 'समोरच्या पक्षाने न विचारलेल्या प्रश्नाला उत्तर दिले.' बैठकीचं रेकॉर्डिंग तपासलं असणार.

खाली टोमासने लिहिलंय – तरुणपणी ते चार वर्षं इंग्लंडमध्ये शिकत होते, मलाही आजच कळलं.

म्हणजे टोमासचं 'आणखी काही नाही' त्यांना थेट कळलं होतं, आणि प्रश्न माझाच आहे, हेही. तरी चष्मा पुसून म्हणाले – मंगळवारी.