रंग खरा सांगणाऱ्यास

मी, सुदाम लक्ष्मण गमरे, वय एकाहत्तर, निवृत्त केमिस्ट, राहणार चिखलोली, अंबरनाथ, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. फुफ्फुसं कामातून गेली आहेत, डोकं शाबूत आहे, तसा डॉ. संध्या कुळकर्णी यांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. जावई अभिजीतराव यांनी प्रयत्न करून पाहिला, तो वाया गेला.

१. राहता फ्लॅट माझ्या कमाईचा आहे. तो मुलगी मनाली हिच्या नावे व्हावा. परंतु माझा मुलगा महेंद्र हयात असेपर्यंत तिथे राहण्याचा हक्क त्याचा, आणि तोवर फ्लॅट विकता वा गहाण टाकता येणार नाही. नवं स्टेशन झालं की भाव येईल, हे अभिजीतरावांनी मला माझ्या पत्नीच्या, जनाबाईच्या, पुण्यानुमोदनाच्या दिवशीही ऐकवलं. येऊ दे भाव. महेंद्रला या घराच्या भिंती हाताने पाठ आहेत. दुसरीकडे नेलंत तर तो पुन्हा नव्याने आंधळा होईल.

२. बँकेतली शिल्लक महेंद्रच्या औषधपाण्याला. जनाबाईचे दागिने मनालीला; ते आधीच तिच्या कपाटात आहेत, त्यामुळे भांडायला जागा नाही.

३. माझे डोळे दान करावेत. महेंद्रला ते चालत नाहीत. मी डॉक्टरांना इतक्यांदा विचारलं की शेवटी ते माझ्यावर खेकसले. दुसऱ्या कोणाला तरी दिसू दे. त्रिशरण-पंचशील म्हणावं आणि आपापल्या घरी जावं, जेवणावळ नको.

४. कमलेश वलेचा, राहणार उल्हासनगर, यांच्याविषयी. हा बी.एस्सी. होऊन आमच्या कारखान्याच्या लॅबमध्ये आला. त्याला ब्युरेट, म्हणजे थेंब मोजून सोडायची काचेची नळी, धरायला मी शिकवलं. पुढे तो दुसऱ्या कारखान्यात शिफ्टचा साहेब झाला आणि महेंद्र त्याच्या हाताखाली लागला. एका दुपारी पाइपचा जोड सुटून महेंद्रच्या तोंडावर अ‍ॅसिड उडालं. दोन पावलांवर नळ होता. कमलेशने कॉस्टिक सोड्याचा मग उचलला आणि पोराच्या डोळ्यांत ओतला. अ‍ॅसिडला अल्कली मारते, असा त्याचा विचार. फ्लास्कमध्ये मारते. डोळ्यात दोन्ही जाळतात, आणि कॉस्टिक जास्त खोल उतरतं. आमच्या मजल्यावरच्या कोणाही शेजाऱ्याने पाणीच मारलं असतं. ही चूक करायला केमिस्ट्री यावी लागते.

मी त्याला माफ केलेलं नाही. शेवटी म्हाताऱ्याने माफ केलं हो, असं माझ्यामागे कोणी सांगत फिरू नये.

५. ब्युरेट, स्टँड, दोन फ्लास्क, पांढरी टाइल आणि फिनॉल्फथॅलीनची बाटली महेंद्रला. हे सामान भंगारात गेलं तर मी तिथून शाप देईन, माझा शापावर विश्वास नसला तरी.

दर रविवारी सकाळी आम्ही बापलेक टायट्रेशन करतो, म्हणजे अ‍ॅसिड किती आहे ते थेंब मोजून काढतो. फ्लास्कमध्ये व्हिनेगर आणि रंग दाखवणाऱ्या फिनॉल्फथॅलीनचे दोन थेंब, ब्युरेटमध्ये पातळ केलेलं कॉस्टिक. महेंद्र डाव्या हाताने तोटी सोडतो, उजव्याने फ्लास्क फिरवतो. थेंब पडला तिथे गुलाबी उमटतो आणि लगेच विरतो, म्हणजे अ‍ॅसिड अजून शिल्लक आहे. मग एका थेंबाला फिका गुलाबी येतो आणि टिकतो. तिथे थांबायचं. पुढचा थेंब रंग गडद करतो आणि सगळं फुकट जातं. तो रंग मी सांगतो. सांगितला की आपल्याला तो दिसतो, असं महेंद्र म्हणतो. दुसरं काही दिसत नाही.

मी अंथरुणाला खिळल्यावर माझ्या जागी मनाली बसली. गॅसवर कुकर होता, तिला घाई. ‘‘झालं रे दादा, गुलाबी झालं.’’ महेंद्र म्हणाला, ‘‘एवढ्यात? व्हिनेगर तर तेवढंच घेतलंय.’’ त्याने तोटी बंद केली आणि फ्लास्क मोरीत ओतून टाकला. मला त्या दिवशी मरणाची खरी भीती वाटली.

कमलेश इतकी वर्षं रविवारी येतो आणि जिन्यात बसून जातो. मी त्याला उंबरा ओलांडू दिला नव्हता. गेल्या रविवारी महेंद्रने त्याला आत बोलावलं. मी पलंगावरून ऐकत होतो.

‘‘अजून नाही, महेंद्र. आया... नाही, गेला. धीरे. एक थेंब. रुक! आता झाला. एकदम लाइट पिंक.’’

‘‘नक्की?’’

‘‘थांब, टिकतो का बघू दे.’’ फ्लास्क टाइलवर टेकल्याचा आवाज आला. ‘‘टिकला. नक्की.’’

महेंद्र हसला. मी भिंतीकडे तोंड करून रडलो.

६. म्हणून लिहून ठेवतो की माझ्यामागे दर रविवारी रंग कमलेशने सांगावा. त्याला दार उघडावं, चहा द्यावा. दोघांनी लॅबचा सेफ्टी चष्मा घालावा; महेंद्रला आता कशाला, असं कोणी विचारू नये. रंग आला नसेल तर आला म्हणू नये. या कामाचा मोबदला नाही आणि यातून सुटकाही नाही. महेंद्रशी खोटं बोलायची हिंमत नसलेला माणूस मला हा एकच माहीत आहे.

सुरू करण्याआधी शेजारी स्वच्छ पाण्याची बादली भरलेली असावी. ती कमलेशने स्वतः भरावी.

वरील मजकूर महेंद्रला आणि दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवला, आणि त्यांच्यासमोर सही केली.

सुदाम लक्ष्मण गमरे
चिखलोली, रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार:
१. शंकरराव भोईर, शेजारी (सही)
२. डॉ. संध्या कुळकर्णी, बदलापूर (सही)