दोन जागांची गाडी

कामथडी,
दि. ८ ऑगस्ट १९७१

चि. साहेबराव,

आईचा जयभीम घे, आणि त्याच्या मागोमाग दोन शिव्या धाडल्यात त्याही घे. हितं समदी बरी हायती. माझे गुडघे बरे न्हाईत, पण त्यांचं कौतुक किती करायचं. तू गिरणीच्या फाटकावर उभा ऱ्हातोस तवा डोक्यावर काहीतरी घेत जा. सोलापुरात पाऊस न्हाई म्हणत्यात, पण ऊन तरी हायच.

पत्र अंजना लिहितीय. सोपानची बायको, म्हंजे तुझी सून. लग्नाला तू आला न्हाईस, म्हणून वळख करून देते. सातवी पास, बोलायला गोड, भाकरी जाड करती. हे शेवटचं लिहायला ती तयार न्हवती. मी म्हणलं, लिही, तुझ्या सासऱ्याला कळू दे आमी काय गिळतो ते.

आता बातमी. सोपाननं मोटार घेतली.

भुवया खाली घे, अजून सांगायचं हाय. वकीलसाहेबांची हिरवी गाडी घेतली. तीच. दोन जागांची, बिनछपराची, लांब नाकाची. साहेब गेल्या साली वारले आणि त्यांच्या लेकाला भोरातली बंगल्यामागची शेड मोकळी करायची व्हती. सोपाननं दोन शेरडं इकली, लियाकतच्या ट्रकामागं दोर बांधला आणि तिला वढत घरी आणलं. लियाकत म्हंजे नसरापूरचा ग्यारेजवाला, सोपान त्याच्याकडं फिटर हाय.

अंजना इचारती, तीच म्हंजे कुठली. तुला ठाऊक हाय, पण लिहिणारणीला कळल्याबिगर तिचा हात चालत न्हाई, म्हणून सांगते. ही गाडी गोऱ्या साहेबांनी शर्यतीत पळवायला केलेली. एक गोरा देश सोडून जाताना वकीलसाहेबांना इकून गेला. माझा लेक, म्हंजे हिचा सासरा, तिचा डायवर व्हता. शर्यतीची गाडी आपल्या रस्त्यानं म्हशींच्या मागं उभी ऱ्हायची, आणि माझा लेक म्हशींना साहेबांच्या थाटात म्हणायचा, "अहो, जरा सरकता का." अठरा वर्सांमागं हिर्डोशी सोडून वरंध घाट उतरताना ती कठड्याला धडकली. साहेबांचा पाय मोडला, ते जन्मभर लंगडले. डायवरनं उशिरा ब्रेक दाबला, असं साहेबांनी फौजदाराला सांगितलं. पिऊन व्हता, हे लोकांनी पदरचं घातलं. डायवरनं दोन्ही गोष्टी मान खाली घालून ऐकल्या. लायसन गेलं. सोपान तवा सहा वर्सांचा, आई न्हवतीच त्याला. पोर माझ्या वटीत टाकून डायवर जो गेला तो गेलाच.

झालं. अंजनानं डोळं पुसलं, आता पुढं.

गाडीला गोठ्यात ठेवलीय. बैल भाईर, मोटार आत. बैल माझ्याकडं असा बघतो की जणू मीच शर्यत लावली. गाडीच्या पत्र्याच्या आत लाकडाचा सांगाडा निघाला आणि तो वाळवीनं खाऊन भुगा केलेला. सोपान म्हणला, असलं लाकूड विलायतेत मिळतं. मी कोंडिबा सुताराला बोलावलं. तो बैलगाड्या करतो, त्याला मोटारीचं काय कळणार, असं लियाकत म्हणत व्हता. कोंडिबानं सांगाडा हातानं चाचपला आणि म्हणला, "वैनी, ही तर छकडीच हाय, फकस्त बैल पोटात घातलेत." बाभळीचं लाकूड तासून बसवलं त्यानं.

मग चाकं. चाकाच्या मधोमध एकच मोठा नट, पंख असलेला, घण मारून सोडवायचा. डाव्या बाजूचा सुटला. उजव्या बाजूचा सोपान आणि लियाकतनं पार दुपारपातूर ठोकला, हलेना. मी दोर वळत बसले व्हते. मी म्हणलं, अरे दोराला उजवा वळ असतो नि डावा वळ असतो, दोन्ही बाजूंचं चाक एकमेकांच्या उलट फिरतं, तर वळही उलटा असंल. उलट्या बाजूनं मारा की. लियाकत म्हणला, "आजी, मोटारीत असं नसतं." मारला. तिसऱ्या घावाला सुटला. तवापासून तो मला उस्ताद म्हणतो आणि मी त्याला अजून चहा दिलेला न्हाई.

इंजन गंजून धरलंय. त्यात घासलेट वतून ठेवलंय, सुटंल. ब्रेकाला मात्र हात लावू नको, असं म्या सोपानला सांगितलंय. म्हणलं, ते शेवटाला बघू. का ते त्यानं इचारलं. मी म्हणलं, माझी पेटी आवरायची राहिलीय. त्याला वाटलं म्हातारी बरळती.

तुला यायचं का, असं इचारत न्हाई. अठरा वेळा इचारून झालं. बातमी तेवढी कळवली.

तुझी आई
कमळाबाई


कामथडी,
दि. १९ सप्टेंबर १९७१

साहेबा,

तुझं कार्ड पोचलं. अंजनानं दोनदा वाचून दाखवलं, कारण पहिल्यांदा मला वाटलं ती चुकली. "ती गाडी माझ्या हातनं मेली. तिला उठवू नका. मोडीत घाला, न्हाईतर मला पुन्यांदा पत्र धाडू नका." एवढंच. खाली नाव न्हाई, जयभीम न्हाई. आईला लिहिलेल्या कार्डावर एवढी कमी शाई तूच वापरू शकतोस.

गाडी मोडीत घातली न्हाई आणि हे पत्र धाडतेय. म्हंजे तुझे दोन्ही हुकूम मोडले. आता तिसरंही ऐक, मग फाडायचं तर फाड.

इंजन सुटलं. परवा ते धडधडायला लागलं तवा बैलानं दावं तोडलं आणि कोंडिबा हसता हसता पडला. चाकं झाली, सांगाडा झाला, बसायच्या जागांवर माझ्या जुन्या वाकळेचं अस्तर घातलं. ऱ्हायले ब्रेक. आणि माझ्या म्हणण्याला कोण भीक घालतंय. सोपाननं ते खोलले.

आतलं रबर त्यानं माझ्या हातावर ठेवलं. भिजत घातलेल्या वालावानी फुगलेलं, बोटानं दाबलं की तुटायचं. लियाकतनं आतलं तेल बोटाला लावून हुंगलं आणि म्हणला, "हे ब्रेकचं तेल न्हाईच. इंजनाचं हाय. ह्या तेलानं ब्रेकचं रबर फुगतं आणि मरतं. असल्या ब्रेकांवर घाट उतरणारा वाचला कसा, हेच मोठं."

सोपान तिथंच खाली बसला. म्हणला, "आजे, आबांनी ब्रेक दाबला व्हता. ब्रेक लागलाच न्हाई."

हे वाक्य तू दोनदा वाच. मीही दोनदा लिहायला लावलं असतं, पण अंजना म्हणती एकदा पुरं हाय.

मग सोपान उठला आणि बंगल्याच्या मानसिंगाचं नाव घेतलं. तो साहेबांचा माळी, गाडी पुसायचा. त्यानंच चुकीचं तेल घातलं असणार, त्याला धरून हितं आणतो, आबांचं नाव त्याच्या तोंडून धुऊन घेतो, म्हणला. मानसिंग आता ऐंशीचा असंल. डोळ्यानं दिसत न्हाई त्याला. सोपाननं चपला घातल्या. मी म्हणलं, थांब. उंबऱ्यात उभी ऱ्हायले, पण तो माझ्यापेक्षा दीड हात उंच हाय. मग आत गेले आणि पेटी उघडली.

अंजना, थांबू नको. लिही. सांगते तसंच लिही, साळंतलं करू नको.

साहेबा, त्या घाटाच्या तीन दिवस आधी तू गाडी हितं घरापुढं आणली व्हतीस. साहेब पुण्याला गेले व्हते. तू गाडीखाली झोपून काहीतरी आवळत व्हतास. गाडी बघायला आळीतल्या चार बाया जमल्या व्हत्या आणि मी डायवरची आई म्हणून त्यांच्या म्होरं मिरवत व्हते. तू खालनं वरडलास, "आई, ब्रेकच्या तेलाचा डबा घे आणि पेडलाजवळच्या फळीतल्या भोकातनं वत. मी सांगतो तवा थांब." दोन डबे व्हते, एक ब्रेकचा, एक इंजनाचा. एकाच उंचीचे, एकाच रंगाचे. फरक म्हणशील तर अक्षरांचा. तू इचारलंस, "ब्रेकचाच घेतलास ना?" मी म्हणलं, "व्हय, मला काय कळत न्हाई व्हय."

न्हवतं कळत. चार बायांम्होरं लेकाला कुठला डबा म्हणून इचारायची लाज वाटली. म्हणून जो हाताला लागला तो उचलला आणि वतला. तू थांब म्हणलास, मी थांबले. बायांनी टाळ्या वाजवल्या.

तिसऱ्या दिवशी घाटातली खबर आली. तुला चौकीवर बसवलेलं. घरात ते दोन डबे तसेच. एकाचं झाकण काढलं तर एरंडेलाचा वास आला आणि डबा गच्च भरलेला. तूच मागं म्हणला व्हतास, "ब्रेकच्या तेलात एरंडेल असतं आई, पोट धरलं तर घोटभर पी." तवा हसले व्हते. त्या दिवशी तो डबा लुगड्यात गुंडाळून पेटीत घातला. तू घरी आलास तवा बोलले न्हाई. तू पिशवी भरलीस तवा बोलले न्हाई. तू गेलास.

अठरा वर्सांत किती शिकलेली माणसं घरी येऊन गेली. मास्तर आले, तलाठी आला, ही अंजना आली. तो डबा कुणाकडनं वाचून घेतला न्हाई. जवर वाचला न्हाई तवर तो नुसता डबा व्हता. लोक म्हणत्यात अडाणी माणसाला समदे फसवत्यात. मी बघ, माझ्या अडाणीपणाच्या आड जाऊन बसले आणि तुला उघड्यावर ठेवलं.

तर तो डबा सोपानच्या चपलांम्होरं ठेवला. लियाकत खाली बसून इंग्रजी अक्षरं जुळवायला लागला. त्याच्या आधी अंजनानं वाचला. ब्रेक, म्हणली. सोपाननं चपला काढल्या. भोरला गेला न्हाई. पण माझ्याशी चार दिस बोलला न्हाई. जेवायला बसायचा, भाकरी घ्यायचा, माझ्याकडं बघायचा न्हाई. अगदी तुझ्यावानी. मला वाटलं, आता हाही पिशवी भरतो.

पाचव्या दिवशी लियाकतनं पुण्याच्या जुन्या बाजारातनं नवं रबर आणलं, नवा डबा आणला. ब्रेकच्या नळीत हवा ऱ्हाती म्हणं. ती काढायला दोन माणसं लागत्यात. एकानं आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्यानं खाली झोपून नळीचं तोंड उघडायचं. लियाकत हितंच व्हता. अंजना व्हती. सोपान गाडीखाली शिरला आणि खालनं म्हणला, "आजे, चढ."

मी चढले, साहेबा. सत्तरीत, नऊवारी सावरून, शर्यतीच्या गाडीत. वाकळेवर बसले तुझ्या जागेवर. सोपान म्हणला, "आधी तेल वत. डबा हुंगून घे." हुंगला. एरंडेल. तरी अंजनाच्या हातात दिला, म्हणलं वाच. तिनं वाचला, मग वतला. मग तो म्हणायचा, "दाब," मी दाबायची. "धर." धरायची. "सोड." सोडायची. पहिल्यांदा पेडल तळाला जाऊन टेकायचं, खाली काही नसल्यावानी. त्या घाटात तुझ्या पायाखाली हेच झालं असणार, ते मला तवा कळलं. मला रडायचं व्हतं, पण खालनं पोरगं "दाब" म्हणत व्हतं, तवा रडायला पाय मोकळा कुठं. दोन तास झाले. शेवटाला पेडल माझ्या पायाला नडलं. दगडावानी. सोपान भाईर आला, तोंड काळं झालेलं, आणि म्हणला, "आता लागतोय."

माफ कर, असं मी लिहायला सांगत न्हाई. त्या शब्दाला तू फाटकावरनंच परत लावशील. मी काय करणार तेवढं सांगते.

दसऱ्याला, आपल्या धम्माच्या दिवशी, सकाळी बुद्धवंदना झाली की सोपान ती गाडी भोरावरनं हिर्डोशीला नेणार आणि वरंध घाट उतरणार. शेजारीण म्हणती लिंबू-मिरची बांधा. मी म्हणलं, आमी ब्रेक बांधलाय. सोपान एकटा जातो म्हणत व्हता. मी म्हणलं, ब्रेक लागला न्हाई, तर ज्या बाईनं तेल वतलं ती गाडीत असली पायजे. लागला, तर तिनं तो लागलेला बघितला पायजे. 

वाटंत भोरला थांबणार. चौकात उतरून, ज्यांनी तुला पिऊन व्हता म्हणलं त्यांच्यातलं जे जित्तं असंल त्याला मी माझ्या तोंडानं सांगणार, तेल कुणी वतलं ते. त्यानंतर मानसिंगाकडं. पोरानं त्याचं नाव घेतलं, त्याला ते ठाऊक न्हाई, पण मला ठाऊक हाय.

गाडीला दोनच जागा हायत. एकीवर सोपान, दुसरीवर मी. पण हिर्डोशीला, घाटाच्या अलीकडं, आमी तुझी वाट बघत थांबणार. सोलापूरची यष्टी पुण्याला येती, पुढं भोरची मिळती, हे तुला मी सांगायला नको. तू आलास तर सोपान उतरंल आणि तू गाडी चालवशील. मी माझ्या जागेवरनं उठणार न्हाई. न्हाई आलास तर पोरगं चालवंल, आणि त्या वळणावर ब्रेक लागला की मी मोठ्यानं तुझं नाव घेईन. घाटातली माकडं ऐकतील, तू न्हाई ऐकलंस तरी.

सही मला येत न्हाई. नुसतं नाव अंजनाला लिहू दिलं असतं, मागच्या पत्रावानी. पण हे पत्र तिचं न्हाई, म्हणून खाली आंगठा उठवलाय. आंगठ्याला लावायची शाई न्हवती, ब्रेकचं तेल आणि चुलीतली काजळी कालवली. कागद हुंगून बघ. ज्या हातानं तो डबा उचलला, त्याच हाताचा हा आंगठा हाय.

तुझी आई